पेटीला शिक्का कोणाचा?

मापाच्या बाबतीत कोल्हारच्या शेतकऱ्याला कोणी शहाणपण शिकवायला जाऊ नये. प्रवरेकाठचा हा मुलूख उसाचा, दुधाचा, डाळिंब-पेरूचा. ट्रॉली काट्यावर किती भरली, दूध संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ किती लागलं, आडत्याने क्रेटमागे किती कापलं, यावरून इथे भांडणं होतात, मोर्चे निघतात. ‘काटामारी’ म्हणजे काय, हे शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. या भांडणांच्या पाठीशी कायदाही उभा आहे. वैध मापन कायदा, २००९ प्रमाणे व्यापारातल्या काट्याची ठरावीक मुदतीत पडताळणी करून त्यावर शिक्का घ्यावाच लागतो. इलेक्ट्रॉनिक काट्याला ही मुदत एका वर्षाची आहे. गाळप हंगामात कारखान्यांचे काटे तपासायला सरकारी भरारी पथकं फिरतात. पथकांच्या कामाबद्दल शंका घेणारे पुष्कळ आहेत, पण पथकं असू नयेत असं कोणी म्हणत नाही.

याच कोल्हारातून सातव्या महिन्यात जन्मलेलं हजार-बाराशे ग्रॅमचं बाळ घेऊन माणसं लोणीला, श्रीरामपूरला, नाहीतर नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे चुकवत थेट नगरला धावतात. तिथे पोचल्यावर थोड्या वेळाने सिस्टर बाहेर येऊन सांगते, “बाळाला पेटीत ठेवलंय.” एवढं ऐकलं की आजीचा जीव भांड्यात पडतो. पेटीच्या, म्हणजे इन्क्युबेटरच्या, काचेतून लाल आकडा दिसत असतो : ३५.०. तो आकडा खरा आहे का, असा प्रश्न त्या दारात कोणालाच पडत नाही. उसाच्या काट्यावर संशय घेणारा बाप इथे हात जोडून उभा असतो. ते स्वाभाविकच आहे, त्या घडीला संशय घ्यायचं त्राण कोणात असतं? म्हणून त्याच्या वतीने संशय घेण्याचं काम कायद्याने करायला हवं, आणि कायदा ते करत नाही. हजार-बाराशे ग्रॅमच्या जिवाची ऊब मोजणाऱ्या यंत्राला निदान उसाच्या काट्याइतकी तरी सक्तीची पडताळणी असावी, एवढंच मला इथे मांडायचं आहे.

आपल्याकडे यंत्रांवर कायदाच नाही असं नाही. सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदवावं लागतं; ते एका खोलीतून दुसरीकडे हलवलं तरी प्रश्न विचारले जातात. एक्स-रे यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, ठरावीक मुदतीत गुणवत्ता चाचणी लागते. पेटीचं काय? वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ मध्ये आले. १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं औषधांच्या व्याख्येत आली, आणि जास्त जोखमीच्या वर्गांतल्या उपकरणांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. चांगलं झालं. पण हा परवाना पेटी बनवणाऱ्याला आणि आयात करणाऱ्याला लागतो. पेटी एकदा रुग्णालयात आली, तिच्या चाकांना गंज चढला, हवेचा फिल्टर काळा पडला, सेन्सर म्हातारा झाला, की तिच्या आकड्याला वाली उरत नाही. एनएबीएच किंवा सरकारी एनक्यूएएस मानांकन घेतलेल्या रुग्णालयात कॅलिब्रेशनचे कागद ठेवावे लागतात, हे खरं. पण ते मानांकन ऐच्छिक आहे. तालुक्याच्या गावात दोन-तीन पेट्या घेऊन रात्रंदिवस राबणाऱ्या लहानशा बालरुग्णालयाला त्याची सक्ती नाही.

आता पेटीची तपासणी म्हणजे नेमकं काय, ते जवळून पाहू. कारण ‘सर्व्हिसिंग झालंय’ आणि ‘तपासणी झालीय’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रिकामी पेटी घ्यायची. गादी समपातळीत. गादीच्या १० सेंटिमीटर वर, हवेत, पाच सेन्सर लावायचे : एक मधोमध आणि गादीचे चार सारखे भाग कल्पून प्रत्येक भागाच्या मध्यावर एकेक. मधल्याला ए म्हणतात, बाकीचे बी, सी, डी, ई. मग तापमान ३२ अंशांवर लावायचं आणि पेटी स्थिरावेपर्यंत थांबायचं. स्थिरावली की तासभर नोंदी घ्यायच्या. मग ३६ अंशांवर पुन्हा हेच सगळं. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०६०१-२-१९ सांगतं की स्थिर अवस्थेत मधल्या जागेचं तापमान आपल्या सरासरीपासून अर्ध्या अंशापेक्षा जास्त हलता कामा नये. बाकीच्या चारपैकी कोणत्याही जागेची सरासरी आणि मधली सरासरी यांत ०.८ अंशापेक्षा जास्त तफावत चालत नाही. गादी तिरकी केली तर १ अंश. ३२ वरून ३६ वर नेताना तापमान उसळी मारून २ अंशांपेक्षा पुढे जाऊ नये आणि पंधरा मिनिटांत जागेवर यावं. बाळाच्या कातडीला चिकटवायच्या सेन्सरची चूक ०.३ अंशाच्या आत हवी. आर्द्रतेचा आकडा खऱ्या आर्द्रतेपासून १० टक्क्यांच्या आत हवा. गादीवरून वाहणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला ०.३५ मीटरच्या वर नको, कारण ओल्या, उघड्या अंगावर वारा लागला तर पेटी कितीही गरम असो, बाळ गार पडतं. आत आवाज ६० डेसिबलच्या वर नको. आणि सगळं बिघडलंच तर हीटर स्वतंत्रपणे बंद करणारी वेगळी कळ तापमान ३८ अंशांवर जाऊ देत नाही (पेटी मुद्दाम वरच्या टप्प्यावर लावली असेल तर ४०), हेही प्रत्यक्ष तापवून पाहायचं.

यातलं अवघड काय आहे? काहीच नाही. एकाच वेळी पाच जागांचं तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि आवाज नोंदवणारे विश्लेषक बाजारात मिळतात. किंमत लाखांच्या घरात. अवघड आहे ते थांबणं. एका पेटीला अर्धा दिवस जातो. एका सकाळी आठ यंत्रं ‘करायची’ असलेला माणूस काय करेल? फिल्टर झटकेल, स्क्रू आवळेल, डिस्प्लेवरचा आकडाच कागदावर उतरवेल आणि खाली ‘ओके’ लिहील. म्हणजे काट्याची परीक्षा काट्यानेच घेतली.

सरकारी दवाखान्यांसाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५ पासून वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्याआधी मोजदाद केली तेव्हा निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणं बंद पडलेली सापडली. हा कार्यक्रम हवाच होता आणि त्याने पुष्कळ यंत्रं उठवून उभी केली. पण त्याची मुख्य फूटपट्टी आहे ‘अपटाइम’ : जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के वेळ यंत्र चालू, ग्रामीण रुग्णालयात ९०, प्राथमिक केंद्रात ८०. बंद पंखा फिरायला लागला की काम झालं, हे पंख्याच्या बाबतीत ठीक आहे. पेटी मात्र दिवा लावून, आकडा दाखवून, बिनतक्रार चालू राहते आणि आतून दोन अंश खोटं बोलते. बंद पेटीपेक्षा ती वाईट, कारण बंद पेटीतून बाळाला कोणीही लगेच उचलतं.

दोन अंशांनी काय होतं, असं वाटणाऱ्यांनी १९५८ सालचा एक प्रयोग आठवावा. न्यूयॉर्कच्या विल्यम सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी दिवसांच्या बाळांचे दोन गट केले. एका गटाच्या पेट्या २८.९ अंशांवर, दुसऱ्याच्या ३१.७ अंशांवर. फरक तीन अंशांहून कमी. गरम पेटीतल्या गटात जगलेल्यांचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा शेकडा सुमारे १५ ने जास्त निघालं. औषध बदललं नव्हतं, डॉक्टर बदलले नव्हते. त्याआधी पाऊणशे वर्षं, म्हणजे पॅरिसच्या तार्निए यांनी कोंबडीची अंडी उबवायची यंत्रं पाहून १८८० साली बाळांसाठी तशी पेटी करवून घेतली तेव्हापासून, जग पेट्या वापरतच होतं; फक्त नेमकं किती अंश, हे कोणी नीट तपासलं नव्हतं. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, धुरी, कुंची, गुंडाळलेलं बाळ हे सगळं त्याहूनही जुनं. ऊब लागते हे आजीला ठाऊकच होतं. पेटीने त्यात भर घातली ती आकड्याची. तो आकडाच खोटा निघाला तर पेटी आणि शेगडी यांत फरक काय उरला? शेगडीशेजारी निदान आजी बसलेली असायची.

आर्द्रतेची गोष्ट तर आणखी दुर्लक्षित. अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाची कातडी म्हणजे जेमतेम पापुद्रा. तिच्यातून पाणी सतत उडत असतं. एक मिलिलिटर पाणी उडताना सुमारे ०.५८ किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. एक किलोच्या बाळाच्या अंगावरून दिवसाकाठी ५० मिलिलिटर पाणी जास्तीचं उडालं, तर २९ किलोकॅलरी गेल्या. अशा बाळाला वाढीला धरून दिवसाला साधारण ११० ते १२० किलोकॅलरी लागतात. म्हणजे चौथा हिस्सा हवेत गेला. आई चमच्या-चमच्याने काढून देते त्या दुधातला चौथा हिस्सा. म्हणूनच पहिल्या आठवड्यात पेटीतली आर्द्रता ७० ते ८० टक्के ठेवतात आणि कातडी पक्व होईल तशी उतरवत आणतात.

आता हे कोल्हारच्या हवेत बसवून पाहा. नगर जिल्ह्याचा हा भाग पर्जन्यछायेतला. हिवाळ्यात पहाटे पारा दहाच्या आसपास किंवा खाली, हवा कोरडी ठणठणीत. समजा वॉर्डात २६ अंश तापमान आहे आणि आर्द्रता ३० टक्के. हीच हवा पेटीने आत ओढून ३६ अंशांपर्यंत तापवली आणि पाणी काही घातलं नाही, तर आतली आर्द्रता उरते फक्त १७ टक्के. हवा तापली की तिची तहान वाढते, हे साधं भौतिकशास्त्र आहे; पेटीतलं पाण्याचं भांडं कोरडं असेल तर ती तहान बाळाच्या अंगावर भागते. आणि भांडी कोरडी असतातच. त्याला कारणंही आहेत. भांड्यातल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात, संसर्ग झाला तर बोल सिस्टरला लागतो. म्हणून पाणीच नको, असा सरळ तोडगा निघतो. डिस्टिल्ड वॉटर संपलं की बोअरचं जड पाणी ओतलं जातं, त्याचा पांढरा थर तापणाऱ्या भागावर बसतो आणि वाफ निघेनाशी होते. आर्द्रतेचा सेन्सर वर्षागणिक हळूहळू सरकतो. ७५ दाखवणाऱ्या पेटीत ५५ असू शकते. डोळ्यांना काही दिसत नाही. वजन वाढत नाही एवढंच दिसतं, आणि त्याचं खापर फुटतं आईच्या दुधावर.

उन्हाळा उलट बाजूने येतो. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. पेटी हवा तापवू शकते, गार करू शकत नाही, ही गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात असते. खोलीच ३५-३६ अंशांवर गेली, वर पंख्याच्या मोटारीची स्वतःची उष्णता, त्यात काविळीसाठी लावलेले निळे दिवे, आणि खिडकीतून तिरपं ऊन पडलं असेल तर विचारायलाच नको. पारदर्शक झाकण उन्हाला आत येऊ देतं आणि उष्णतेला बाहेर पडू देत नाही. वीज गेली, जनरेटरवर एसी घेतलेला नाही, अशा दुपारी पेटीचा हीटर बंद असूनही बाळाला ताप चढतो. मग हा जंतुसंसर्गाचा ताप समजून अँटिबायोटिक सुरू होतं! मानकातल्या चाचण्या वातानुकूलित प्रयोगशाळेतल्या सौम्य हवेत होतात. त्या पेटीला जगात कुठेही विकण्याजोगी ठरवतात. लोणी-कोल्हार पट्ट्यातल्या मे महिन्याच्या वॉर्डात ती कशी वागते, हे तिथेच, त्याच महिन्यात मोजावं लागेल. म्हणून वर्षातून एक नव्हे, दोन तपासण्या हव्यात : एक पौषात, एक वैशाखात. पंचांगाच्या हिशेबाने यंत्र तपासावं ही सूचना कोणाला हास्यास्पद वाटेल. शेतकऱ्याला नाही वाटणार.

यावर डॉक्टरांचा पहिला आणि बिनतोड वाटणारा आक्षेप असतो : “आम्ही दर दोन-तीन तासांनी बाळाचंच तापमान घेतो. पेटी काय दाखवते याच्याशी आम्हाला काय करायचंय? बाळ हेच आमचं थर्मामीटर.” या युक्तिवादात तथ्य आहे. बाळाला हात न लावता नुसत्या डिस्प्लेवर विसंबणाऱ्या वॉर्डापेक्षा हा वॉर्ड शंभर पटींनी बरा. पण बाळाचं तापमान हा शेवटचा आकडा आहे, पहिला नव्हे. पेटी थोडी गार असली तर बाळ आपली तपकिरी चरबी जाळून, जास्त प्राणवायू ओढून, साखर खर्चून अंग ३६.५ वर टिकवून धरतं. काखेत थर्मामीटर लावला की सगळं ठीक दिसतं. त्या ठीक दिसण्याची किंमत बाळ भरत असतं. ते दमलं की मग पारा घसरतो, आणि तोवर खजिना रिकामा झालेला असतो. शिवाय एक गोम अशी, की पेटी जर कातडीच्या सेन्सरवर चालवली असेल आणि तो सेन्सर अर्धा सुटला असेल, तर पेटीला वाटतं बाळ गार आहे, आणि ती तापत सुटते. यंत्रात काही बिघाड नसतो. अशा वेळी तपासणीचा शिक्का कामाला येत नाही, जागी सिस्टरच कामाला येते. एका सिस्टरच्या अंगावर किती बाळं टाकायची हा प्रश्न पेटीच्या प्रश्नाहून मोठा आहे, हे मी नाकारत नाही.

२०१७ साली नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात एकट्या ऑगस्ट महिन्यात ५५ अर्भकं दगावली, तेव्हा राज्यभर ओरड झाली. एकेका पेटीत दोन-तीन बाळं ठेवावी लागत होती, हे तेव्हा बाहेर आलं. दोन बाळं ठेवलेल्या पेटीचं तापमान कोणासाठी लावायचं, हजार ग्रॅमच्याला की अठराशेच्याला? तिथे शिक्क्याच्या गप्पा मारणं म्हणजे भुकेल्यासमोर पाककृती वाचणं. हे मान्य केलं तरी पेट्या वाढवण्याची मागणी आणि पेट्या खऱ्या असण्याची मागणी एकमेकींच्या आड येत नाहीत. उलट आपल्याकडे दुर्घटना झाली की खरेदी होते, फीत कापली जाते, फोटो छापून येतो. खरेदी केलेल्याची तपासणी हा फीत न कापता येणारा कार्यक्रम असल्यामुळे मागे राहतो.

भंडाऱ्याचं उदाहरण आणखी बोचरं. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली. कक्षात १७ बाळं होती. ७ वाचली, १० गेली. आगीचा उगम वॉर्मरच्या विद्युत भागात असल्याचं चौकशीतून पुढे आलं. वॉर्मर म्हणजे पेटी नव्हे, वरून उष्णता सोडणारा उघडा पाळणा. पण ऊब देणाऱ्या यंत्राने जीव घेतला ही गोष्ट तीच. त्यानंतर राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला आमच्याच जिल्ह्यात, नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्ण गेले. दोन्हीकडे ज्यांच्यावर गुन्हे दाखल झाले, त्यांत परिचारिका होत्या. त्या रात्री कोण जागेवर होतं, कोण नव्हतं, याचा शोध घेणं सोपं असतं, कारण हजेरीपट असतो. यंत्राच्या अंतर्भागात शेवटचं कोणी पाहिलं, काय मोजलं, याचा हजेरीपटच नसतो. माणसाची सही मागणारी व्यवस्था यंत्राची नोंद मागत नाही आणि मग सगळा दोष सही करणाऱ्याच्या पदरात पडतो. तपासणीच्या सक्तीला विरोध करणाऱ्या रुग्णालयीन कर्मचाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा. तपासणीचा कागद बाळाइतकाच त्यांनाही वाचवेल.

दुसरा आक्षेप वेगळ्या, मला अधिक आदरणीय वाटणाऱ्या बाजूने येतो. तो म्हणतो : पेटीचं एवढं कौतुक कशाला? आईची छाती आहे ना. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस पेट्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीशी बांधली, आणि ‘कांगारू मातृसेवा’ जन्माला आली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात (त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं) १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या कातडीशी लावलं तेव्हा मृत्यू चौथ्या हिश्शाने घटले. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तर पेटीच नसलेल्या गावांत प्रशिक्षित बायकांच्या हाती नवजात बाळं सोपवून नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आणला. १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं आणि त्यातूनच पुढे देशभर आशाताईंकडून घरोघरी नवजात बालसेवा आली. मग कोल्हारच्या बाळाला काचेत ठेवायचंच कशाला?

या आक्षेपाला माझं उत्तर असं, की तो माझ्याच बाजूचा आहे. आईच्या छातीचं तापमान चुकत नाही आणि तिला कॅलिब्रेशन लागत नाही, म्हणूनच पेटीवर सिद्ध करण्याचा भार जास्त येतो. जी पेटी आपला आकडा खरा असल्याचं दाखवू शकत नाही, तिच्यात आईपासून तोडून बाळ ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. पण किलोच्या आतलं, व्हेंटिलेटरवरचं, पापुद्र्याच्या कातडीचं बाळ, ज्याची आई सिझेरियननंतर दुसऱ्याच गावच्या दवाखान्यात पडून आहे, त्याला पेटीच लागते आणि लागत राहील. सरकारी नवजात कक्षांत तर पेट्यांपेक्षा वॉर्मरच जास्त. तिथे आर्द्रता राखायची सोयच नाही, अंगावरचं पाणी पेटीपेक्षा जास्त उडतं. महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत हजारी ११ होता, देशाचा २०. आपण बरंच चढून आलोय. पुढची चढण याच लहान, लवकर आलेल्या बाळांची आहे, आणि ती अंशाअंशाने चढावी लागणार.

तिसरा आक्षेप व्यवहारी : आणखी एक इन्स्पेक्टर, आणखी एक हप्ता. शिक्के विकत मिळतात हे या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. मान्य. म्हणून नुसता शिक्का मी मागत नाही, आकडे मागतो. शेतकरी तरी काट्यावरच्या शिक्क्यावर कुठे विसंबतो? तो दुसऱ्या काट्यावर मोजून येतो. तसंच पेटीच्या अंगावर तपासणीची तारीख, तपासणाऱ्याचं नाव, पाचही जागांचं तापमान आणि आर्द्रतेची चूक छापलेला कागद चिकटवलेला असावा. खोटा शिक्का मारणं सोपं असतं. पाच जागांचे तासाभराचे आकडे खोटे लिहायला जरा जास्त मेहनत पडते, आणि पुढच्या तपासणीत ते उघडे पडतात.

खर्चाचं म्हणाल, तर प्रत्येक दवाखान्याने विश्लेषक विकत घ्यायची गरजच नाही. जिल्ह्याला एक-दोन पुरतात. आमच्या पट्ट्यात लोणीला १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, आसपास अभियांत्रिकी महाविद्यालयं आणि तंत्रनिकेतनं आहेत. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी याच मातीत सहकारी साखर कारखाना उभा केला तेव्हा एकट्या शेतकऱ्याला यंत्र परवडत नाही म्हणून सगळ्यांनी मिळून घ्यायचं, हाच त्यामागचा विचार होता. नवजात बाळांच्या पेट्या तपासणारं एक पथक सगळ्या दवाखान्यांनी मिळून पोसणं त्याहून पुष्कळ स्वस्त आहे. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून विश्लेषक, वैद्यकीय महाविद्यालयाकडे त्याचा ताबा, तंत्रनिकेतनाची प्रशिक्षित पोरं, आणि विश्लेषकाचं स्वतःचं कॅलिब्रेशन एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दरवर्षी. नर्सिंग होमच्या नोंदणीचं नूतनीकरण करताना हा कागद जोडणं सक्तीचं करायचं. यासाठी संसदेत नवा कायदा यावा लागत नाही. राज्याला आपल्या नियमांत एक कलम घालता येतं.

आणि नियम येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. कॅलिब्रेट केलेलं एक छोटं तापमान-आर्द्रतामापक पेटीत ठेवून प्रत्येक पाळीला तीन आकडे वहीत लिहिता येतात : पेटी काय सांगते, मापक काय सांगतं, बाळाचं अंग काय सांगतं. महिनाभरात कोणती पेटी खोटं बोलते ते सिस्टरलाच कळेल.

सरकारी रुग्णालयांच्या रुग्ण कल्याण समित्यांवर आपल्याच तालुक्यातली माणसं बसलेली असतात आणि त्यांच्या हाती थोडा का होईना, निधी असतो. राहाता, राहुरी, श्रीरामपूरच्या समित्यांच्या पुढच्या बैठकीत हा विषय कोल्हारकरांनी मांडावा : आपल्याकडे बाळांना ऊब देणारी यंत्रं किती, प्रत्येकाची शेवटची मोजणी कोणत्या तारखेला झाली, आणि मोजणीचे आकडे कुठे आहेत. खाजगी दवाखान्यात तुमचं बाळ असेल, तर डिस्चार्जच्या वेळी बिल तपासून घेता तसा भरतीच्या वेळी पेटीच्या तपासणीचा कागदही मागून घ्या.